मधलं पान

“पण का नाही, बाई? एक कारण सांगा!”

शार्दूल घोरपडे ओसरीच्या पायरीशी उभा होता. हातात लॅपटॉप उघडाच.

बाई केळीची पानं ओल्या फडक्याने पुसत होत्या. आज घरी पंगत होती.

“मी ‘नाही’ कुठे म्हटलं?”

“‘हो’ही म्हणाला नाहीत.”

“जेवणं होऊ देत.”

हे उत्तर शार्दूलला सकाळपासून तिसऱ्यांदा मिळालं होतं. त्याने ओठ चावला. नाकावर माशी बसू न देणारा गडी तो, पण बाईंपुढे त्या नाकाचं काही चालत नसे.

बाई म्हणजे अनसूयाबाई सबनीस. शहरातली नोकरी संपवून त्या कृष्णाकाठच्या या गावात येऊन राहिल्या, त्याला बरीच वर्षं झाली. लोकांना वाटलं, आता या तुळशीला पाणी घालतील. त्यांनी तुळशीला पाणी घातलंच, आणि बसल्या बसल्या संगणकाची एक भाषा बनवली. तिचं नाव गोफ. मराठीत सूचना लिहाव्यात आणि यंत्राने त्या पाळाव्यात, अशी.

मग पुण्या-नागपुराकडची पोरं येऊ लागली. आठवडे आठवडे राहायची, गोफच्या पोटातली यंत्रणा खोलून बसायची, आणि बाईंच्या शिव्या प्रसादासारख्या घ्यायची. नवी आवृत्ती तयार झाली की पंगत व्हायची. पंगत झाली की बाई स्वतःच्या हाताने ती आवृत्ती जगाच्या हवाली करायच्या. जेवल्याशिवाय नाही. उपाशी पोटी सोडलेलं काम बाधतं, असं त्यांचं एक शास्त्र होतं.

आजच्या पंगतीला आणखी एक कारण होतं. बाई आज कोश कुणाच्या तरी स्वाधीन करणार होत्या.

कोश म्हणजे गोफचा जीव. बाहेरच्या भाषांत त्याला डिक्शनरी म्हणतात. नाव सांगायचं, त्या नावापुढे ठेवलेली वस्तू हातात यायची. वरून साधं दिसतं. पण गोफमध्ये प्रत्येक बारीकसारीक गोष्ट कोशातूनच शोधली जाते. त्याच्यावाचून तिथलं पान हलत नाही. कोश एका पावलाने हळू झाला तर सगळी भाषा हळू. तो बाईंनी एकटीने लिहिला होता आणि आजवर दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू दिला नव्हता.

आता डोळे थकले म्हणून त्या तो सोपवणार होत्या. कोणाला, ते बोलल्या नव्हत्या. सगळ्यांना वाटत होतं, शार्दूलला. शार्दूलला तर जरा जास्तच वाटत होतं.

आणि का वाटू नये? महिनाभर मान मोडून त्याने कोश वेगवान केला होता. जवळजवळ दीडपट! हा बदल आजच्या आवृत्तीत घ्या, म्हणून तो सकाळपासून बाईंच्या मागे लागला होता.

कसा केला, तेही सांगायला हवं, कारण गोष्ट तिथेच आहे.

कोशात घरांची एक लांब रांग असते. नावावरून गणित करायचं, घराचा क्रमांक काढायचा, आणि थेट त्या घरी जायचं. तिथे भलताच कोणी बसला असेल तर पुढचं घर बघायचं. तेही भरलेलं असेल तर त्याच्या पुढचं. रिकामं घर लागलं की समजायचं, हे नाव इथे नाही. परत फिरायचं.

आणि एखादं नाव काढून टाकलं तर? बाई ते घर रिकामं करत नसत. तिथे एक खूण ठेवत. नाव नाही, वस्तू नाही, नुसती खूण.

या खुणा साचत जायच्या. शोधणाऱ्याला त्या तुडवत पुढे जावं लागायचं, आणि बरेच दिवस वापरलेला कोश दम्याच्या रोग्यासारखा चालायचा. शार्दूलने एका दुपारी हे ओळखलं आणि खुणाच काढून टाकल्या. नाव गेलं, घर रिकामं. चकाचक!

बाईंनी खुणा ठेवल्या कशासाठी, हे त्यांनी कुठे लिहिलं नव्हतं. विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला कळलं नाही असं कबूल करायचं, आणि ते शार्दूलच्या कुंडलीत नव्हतं. जुनं माणूस, जुनी सवय, एवढं म्हणून त्याने विषय मिटवला.

“बाई, सगळ्या चाचण्या पार झाल्यात,” तो आता म्हणाला. “नाव घाला, काढा, मग शोधा. कोश म्हणतो, नाही. बरोबर! आणि किती पटकन म्हणतो बघा!”

बाईंचा हात पानावर थांबला.

“म्हणजे तुझा कोश जास्त चपळ कशात? आहे म्हणण्यात, की नाही म्हणण्यात?”

“दोन्हीत. पण नाही म्हणण्यात तर विचारूच नका! बघता बघता सांगतो.”

“हं…”

त्यांनी पुढचं पान घेतलं.

तेवढ्यात फाटकातून याकूबभाई शिकलगार आत आले. हे डोंगरापलीकडच्या एका गावात वाचनालय चालवायचे. सभासदांचा सगळा कारभार त्यांनी गोफमध्ये बसवला होता, आणि हौसेने शार्दूलच्या नव्या कोशाची कच्ची प्रत लावून घेतली होती. ते पंगतीला आले होते, पण चेहऱ्यावर जिलेबीच्या आधी वेगळंच काहीतरी होतं.

“बाई, आमच्या हौसाबाई गेल्या.”

“अरे देवा! कधी?”

“तशा नाही हो! कोशातून गेल्या. सत्तरी उलटलेली म्हातारी, आठवड्याला एका जाडजूड कादंबरीचा फडशा पाडते. काल समोर उभी, हातात पुस्तक, आणि यंत्र म्हणतंय, असा सभासद नाही. मी तिला तसं सांगितलं. तर म्हणाली, मग मी कोन हाय रं, हडळ?”

बाई खळखळून हसल्या. शार्दूलही हसला, पण त्याचं हसू वेगळं होतं.

“याकूबभाई, चुकून तुम्हीच नाव काढलं असणार.”

“नाव काढलं, पण ते पाटील गुरुजींचं. ते मुलाकडे पुण्याला गेले कायमचे. त्यांचं नाव काढलं आणि दुसऱ्या दिवशी हौसाबाई गायब. आणि गंमत म्हणजे, सगळ्या सभासदांची यादी छापली तर तिच्यात हौसाबाई आहेत. नाव घालून विचारलं की नाहीत!”

“तसं होऊच शकत नाही,” शार्दूल म्हणाला. “एक तर माणूस आहे, नाही तर नाही. तुमच्या लिहिण्यात काहीतरी घोटाळा आहे. बघू नंतर.”

याकूबभाईंनी बाईंकडे पाहिलं. बाई पानं मोजत होत्या… मोजून झाल्यावर त्या म्हणाल्या, “याकूबभाई, तुम्ही ओसरीच्या वळणापलीकडे बसा. तिकडे वारा चांगला येतो.”

मग लॅपटॉपवरच्या आकड्यांत डोकं घालून बसलेल्या शार्दूलकडे वळून, “आणि तू आत जाऊन तुझ्या चाचण्या पुन्हा एकदा चालव. हाक मारली की बाहेर ये. जिलेबी तू वाढायचीस.”

शार्दूलला आभाळ ठेंगणं झालं. पंगतीत जिलेबी वाढायचा मान बाई उगाच कुणाला देत नसत. झालं, ठरलं म्हणायचं!

तो आत गेला. चाचण्या पुन्हा पार झाल्या. बाहेर पानं मांडली गेली, मंडळी बसली, मसालेभाताचा वास आत आला, कुणीतरी श्लोक म्हणता म्हणता अडखळलं आणि सगळे हसले. शार्दूलने आकडे पुन्हा बघितले. मग आणखी एकदा. स्वतःच्या आकड्यांकडे माणूस बाळाकडे बघावं तसा बघतो. आपला तो बाब्या.

“शार्दूल!”

तो धावत स्वयंपाकघरात गेला. मालनकाकू कढईतून जिलेब्या काढून पाकात सोडत होत्या. या घरची प्रत्येक पंगत त्यांच्याच हातची. त्यांनी गरम जिलेब्यांची परात त्याच्या हातात ठेवली.

“बिगीबिगी वाढ. गार झाली की मजा जाती.”

“बघाच काकू, बघता बघता संपवतो.”

आणि खरंच, वाढायला पोराचा हात मोठा छान. या पानावर दोन, त्या पानावर दोन, नको म्हणणाऱ्याच्या पानावर तीन. मंडळी वाहवा म्हणत होती. ओसरी पार करून तो वळणाशी आला. तिथे नुसती पुसलेली फरशी होती. रांग संपली होती.

तो मागे फिरला. परातीत अजून चांगल्या ढीगभर जिलेब्या शिल्लक होत्या. एवढ्यात एवढं काम! चालता चालता त्याने स्वतःच्या पाठीवर मनातल्या मनात थाप मारली.

स्वयंपाकघराच्या दारात बाई उभ्या होत्या.

“झालं?”

“झालं बाई.”

“इतक्यात?”

“इतक्यात!”

“सगळ्यांना मिळाली?”

“सगळ्यांना. एकूण एक पान.”

“याकूबभाईंना?”

“याकूबभाई…” शार्दूलने रांगेवर नजर फिरवली. “ते नाहीत बाई पंगतीत. गेले असतील.”

बाईंनी ओसरीच्या वळणाकडे पाहिलं.

तेवढ्यात तिथून, पलीकडच्या बाजूने, आवाज आला.

“शार्दूलदादा, आम्ही आहोत हो अजून! मठ्ठा पिऊन पिऊन पोटाचा रांजण झालाय, जिलेबी तेवढी येऊ द्या!”

हशा असा उसळला की चिंचेवरचे पक्षी उडाले.

शार्दूल वळणाशी गेला. पुसलेल्या फरशीपाशी थांबला आणि मान पुढे काढून बघितलं. पलीकडच्या बाजूला पानांची ओळ तशीच पुढे गेली होती. पाच-सहा मंडळी बसली होती. भात होता, भाजी होती, पुऱ्या होत्या. प्रत्येकाच्या पानावर जिलेबीची जागा मोकळी होती, आणि याकूबभाई त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून हसत होते.

मागून मालनकाकू आल्या. त्यांचा पारा चढला होता.

“म्या म्हनलं व्हतं बाईस्नी! कुंटे सर गाडी धरायला मधनंच उठले, तर यांनी त्यांचं पान उचललं आन् जागा पुसून घेतली. उठलेल्या मानसाचं पान पंगत उठंपतूर हलवायचं न्हाई, ही रीत हाय. मधलं पान उचललं की वाढप्याला वाटतं, सरली रांग. लहान पोराला बी म्हाईत असतं!”

“चुकलं माझं, मालन,” बाई म्हणाल्या. चेहरा अगदी साळसूद.

शार्दूल त्या पुसलेल्या जागेकडे बघत राहिला.

फरशीवर फडक्याचा ओला पट्टा अजून वाळला नव्हता. कुंटे सर गेले होते. त्यांच्या पलीकडे याकूबभाई होते. आणि तो स्वतः, हातात परात घेऊन, छातीठोक म्हणाला होता, गेले असतील.

पाटील गुरुजी पुण्याला गेले. त्यांच्या पलीकडे…

“हौसाबाई,” तो पुटपुटला.

आधी त्याला लाज वाटली. चांगली कानाच्या पाळीपर्यंत चढणारी लाज. महिनाभराचं काम, सगळ्यांना ऐकवलेला तो दीडपटीचा डंका, याकूबभाईंना दिलेलं ते शहाणपण. त्याचा कोश चपळ झाला होता, कारण तो अर्ध्या वाटेवरून परत येत होता! परात तिथेच ठेवून नदीकडे पळून जावं, असं त्याला मनापासून वाटलं.

पण गंमत अशी की लाज पुरती चढायच्या आतच त्याला हसू फुटलं. आवरेचना. हातातली परात हलू लागली.

“अहो, पाक सांडतोय!” याकूबभाई ओरडले.

“भूत आलं, भूत आलं तुम्हाला वाढायला!” असं काहीतरी बरळत शार्दूल वळणापलीकडे गेला. याकूबभाईंच्या पानावर त्याने चार जिलेब्या ठेवल्या. मग हात जोडले. “भाई, घोटाळा तुमच्या लिहिण्यात नाही. माझ्या.”

“मग म्हातारी सापडेल का?”

“सापडणार!”

“लवकर सापडू द्या. नवी कादंबरी राखून ठेवलीय तिच्यासाठी.”

परात रिकामी करून तो बाईंपाशी आला. बाई उंबऱ्यावर टेकल्या होत्या.

“माझा बदल मागे घेतो, बाई. खुणा होत्या तशा परत.”

“बरं.”

“आणि कोशाचं… ते दुसऱ्या कुणाला द्या. मला राग नाही.”

राग नव्हता, हे खरं. वाईट मात्र वाटत होतं, आणि ते लपत नव्हतं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पण ना हो म्हणाल्या, ना नाही.

तो जायला निघाला आणि दोन पावलांवर थांबला. इथेच घोडं पेंड खात होतं.

“पण बाई, एक सांगा. खुणा साचतात हे तर खरंच ना? कोश दमतो, ते काही मी कल्पनेने म्हटलं नव्हतं. त्याचं काय करायचं?”

“विचारतोयस?”

“हो. विचारतोय.”

बाईंचा चेहरा उजळला. महिनाभर याच एका वाक्याची वाट बघत असल्यासारखा. त्यांनी नुसती हनुवटी उचलून ओसरीकडे दाखवलं.

तिकडे कुणीतरी ढेकर दिली, कुणीतरी ‘अन्नदाता सुखी भव’ म्हटलं, आणि पंगत उठली. मंडळी हात धुवायला विहिरीकडे गेली. मालनकाकू पदर खोचून पुढे आल्या. एका टोकाला वाकल्या आणि पानं गुंडाळत गुंडाळत, वळण घेऊन, थेट दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. भरलेली, उष्टी, अर्धी टाकलेली, सगळी एकदम. मागोमाग झाडू. मागोमाग फडकं. मग कोऱ्या पानांची गुंडाळी सोडून त्या दुसरी पंगत मांडू लागल्या, पहिल्या पानापासून, एकाला एक लागून. मध्ये एकही भोक नाही.

शार्दूल तोंड उघडं टाकून बघत होता.

“एकेक नाही उचलायचं!” तो ओरडला. “पंगत चालू असताना हात लावायचाच नाही! खुणा जास्त झाल्या की सगळा कोशच एकदा उठवायचा आणि जे आहेत त्यांना नव्याने बसवायचं!”

“काय वरडतोय ह्यो?” मालनकाकूंनी विचारलं.

“जेवायची घाई झालीय त्याला,” बाई म्हणाल्या.

पण शार्दूल कुठला जेवतोय! तो आत पळाला. महिनाभर जे सुचलं नव्हतं ते आता बोटांतून आपोआप उतरत होतं. खुणा परत आल्या. किती खुणा झाल्या यावर एक नजर ठेवायची, आणि गर्दी झाली की सगळी घरं नव्याने मांडायची. थोडंसंच लिहायचं होतं, आणि लिहिताना त्याला गुणगुणावंसं वाटत होतं. आपण चुकलो होतो याचा एवढा आनंद होऊ शकतो, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

या वेळी त्याने आपल्या जुन्या चाचण्यांवर विसंबणं सोडलं. बाहेर येऊन त्याने याकूबभाईंना हाताला धरून आत नेलं, त्यांचा सगळा कारभार नव्या कोशात भरला, पाटील गुरुजींचं नाव काढलं, आणि मग श्वास रोखून हौसाबाईंचं नाव विचारलं.

“आहेत!” शार्दूलने आरोळी ठोकली. “बाई, हौसाबाई आहेत!”

“मला ठाऊक होतं,” याकूबभाई म्हणाले. “पण यंत्राला पटलं हे बरं झालं.”

तरीही त्यांनी शार्दूलला कडकडून मिठी मारली.

दुसरी पंगतही उठायला आली तेव्हा कुणीतरी शार्दूलला ओढून बसवलं. वाढप्याने शेवटी जेवायचं, ही या घरची रीत. वळणापलीकडे, अगदी टोकाच्या पानावर तो बसला. मालनकाकूंनी भात वाढला. बाई स्वतः परात घेऊन आल्या. तळाला चिकटून राहिलेल्या दोन जिलेब्या उरल्या होत्या.

“कोश आजपासून तुझ्याकडे,” त्या वाढता वाढता म्हणाल्या. मीठ हवं का विचारावं तशा.

शार्दूलचा घास हातातच राहिला.

“पण बाई… माझ्याकडे?”

“मग काय याकूबभाईंकडे देऊ? त्यांना म्हातारीच्या कादंबऱ्या पुरवायच्यात.”

त्याचे डोळे भरून आले. मान खाली घालून तो भात कालवत राहिला. आनंद लपवायला पान पुरत नव्हतं, हे समोरच्या सगळ्यांना दिसत होतं.

पण हौस ती हौस. थोडा सावरला आणि पुन्हा त्याच्यातला मूळ शार्दूल बोलला.

“बाई, नवी आवृत्ती आत्ता सोडताय ना? लोकांसाठी चार ओळी लिहायला हव्यात. दीडपट तर नाही राहिला, पण जुन्यापेक्षा नक्की चपळ झालाय. मी मोजलंय. किती वेगवान म्हणून लिहू?”

आणि त्याने जिलेबी तोंडात घातली. गार झाली होती, आणि वातडही.

बाई रिकामी परात काखेत मारून निघाल्या होत्या. त्या वळणाशी थांबल्या, मागे वळल्या, आणि मिश्कील हसल्या.

“वाढप्याला विचारू नये रे. शेवटच्या पानावर कोण बसलंय, त्याला विचार.”